लाल दिवा चालू असताना

चिखली, जि. बुलढाणा

चि. भाच्यास,


मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या कामाला लागतो आहेस, हे ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी त्याच एप्रनवर, विमानं उभी करायच्या जागेवर, झाली. ट्रेनिंगमध्ये तुला नियमांचं पुस्तक देतीलच, पण त्यातला प्रत्येक नियम का आहे, हे आपल्या माणसाकडून ऐकलेलं बरं.

सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राच्या तोंडाशी सैल बाहीचा सदरा घातलेल्या माणसाला घरातली मोठी माणसं उभं राहू देत नाहीत. तिथं पट्टा फिरताना दिसतो, भूस उडतं, म्हणून भीती आपोआप वाटते. जेट इंजिनापुढची ओढ मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथं भीती शिकावी लागते.

एअरबस 319 च्या इंजिनाचा पुढचा पंखा जवळजवळ पावणेदोन मीटर व्यासाचा असतो. इंजिन अगदी मंद चालत असलं तरी तो मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्या घेतो. या आकाराच्या विमानांत मंद इंजिनापुढेही साधारण तीन मीटरच्या आत माणूस ओढला जाऊ शकतो. पायलटनं जोर वाढवला की हे अंतर आणखी वाढतं. मागच्या बाजूला तापलेला झोत लांबपर्यंत धोक्याचा असतो.

तुझ्या कानांवर मफ असतील, शेजारच्या बेवर उभ्या विमानाचीही इंजिनं चालू असतील. म्हणून आवाजावरून कोणतं इंजिन सुरू आहे हे ठरवू नकोस. पंख्याच्या मधल्या टोकावर पांढरा वळणदार पट्टा रंगवलेला असतो, तो बघ. पट्टा स्पष्ट दिसला तर पंखा थांबलेला आहे. नुसता फिकट गोल दिसला तर तो फिरतो आहे. गळ्यातलं ओळखपत्र, टोपी, उघडी चेन असलेलं जाकीट, सगळं आवळून ठेव.

16 डिसेंबर 2015 च्या रात्री मुंबईतच जे घडलं, ते तुला माहीत असायलाच हवं. एअर इंडियाचं एआय 619 हे हैदराबादला जाणारं एअरबस 319 पुशबॅक होऊन उभं होतं. जमिनीवरची माणसं अजून दूर गेली नव्हती, तोच विमान पुढे सरकलं. एका तंत्रज्ञाला इंजिननं ओढून घेतलं. कॉकपिटमधून नाकाखालचा माणूस दिसत नाही आणि पंखाखालचं इंजिनही दिसत नाही. म्हणूनच विमान ढकलणारा टोबार सुटल्यावर नोज व्हीलची लाल फीत लावलेली पिन काढायची, सुरक्षित बाजूला जायचं, ती पिन हात उंच करून पायलटला दाखवायची आणि त्यानं पाहिल्याची खूण केल्यावरच निघायची खूण करायची, हा क्रम आहे. ती फीत दिसली म्हणजे माणसं बाहेर आली, एवढा एकच पुरावा पायलटजवळ असतो. घाईत तो क्रम कधीही मोडू नकोस.

सगळ्यात जपायचं ते शेपटीतलं एपीयू, म्हणजे छोटं सहायक इंजिन, बंद असलेल्या विमानाला. एरवी त्याचीच हवा इंजिन फिरवते. ते नादुरुस्त असलं की बाहेरच्या गाडीतून पाइपनं हवा द्यावी लागते आणि एक इंजिन बेवरच सुरू करतात. मग चालत्या इंजिनाच्या सान्निध्यात तो पाइप आणि विजेची केबल काढायची असते. अशा वेळी कोणतं इंजिन सुरू होणार, कोण कुठून आत जाणार, कुठून बाहेर येणार, हे सगळ्यांनी समोरासमोर बोलून घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

31 डिसेंबर 2022 ला अमेरिकेत माँटगोमेरी इथं आलेल्या विमानाचंही एपीयू बंद होतं, म्हणून बेवर आल्यावरही इंजिन चालू ठेवलं होतं. इंजिन बंद होऊन विमानाच्या अंगावरचा लुकलुकणारा लाल दिवा विझेपर्यंत जवळ जायचं नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी दोनदा बजावलं होतं. तरीही एक कर्मचारी जवळ गेली आणि तिचा जीव गेला. ऐकलेली सूचना कामाच्या भरात विसरली जाते. म्हणून पाऊल टाकण्याआधी दरवेळी मान वर करून दिवा बघायची सवय लाव. विमान आल्यावर तो विझेपर्यंत, चाकांना चॉक लावणाऱ्यानंही, इशाऱ्याशिवाय पुढे जायचं नाही. विमान निघताना तो लागला की ज्याला काम नेमून दिलं आहे तोच जवळ राहील, बाकीच्यांनी सुरक्षा-रेषेबाहेर राहायचं.

फ्लाइटला उशीर झाला म्हणून वरून आरडाओरडा होईल. नवा मुलगा म्हणून तुला थांबायला संकोच वाटेल. तो बाळगू नकोस. कुणी चुकीच्या जागी दिसलं, तर तो कितीही अनुभवी असो, दोन्ही मनगटं डोक्यावर एकमेकांवर आडवी धरून थांबायची खूण कर आणि हेडसेटवरून पायलटशी बोलणाऱ्या माणसाला सांग. मिनिटांचा उशीर पुढच्या फेरीत भरून निघतो. गेलेला माणूस परत येत नाही. पहिल्या दिवसापासून ज्येष्ठांइतकाच थांबवण्याचा हक्क तुला आहे, तो वापर.

तुझा,
मामा