दगडावरचा चेहरा

माणूस गेल्यावर त्याच्या स्मृतिशिळेवर त्याचा फोटो असावा का, या प्रश्नावर ज्यू समाजात शंभरहून अधिक वर्षं वाद चालू आहे. आपल्याकडे, सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी, हा वाद कधी झालाच नाही. फोटो आला आणि दगडावर बसला. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव या तालुक्यांतून जाताना उसाच्या फडालगत किंवा विहिरीच्या कडेला काळ्या ग्रॅनाइटच्या छोट्या समाध्या दिसतात. रक्षा नदीत न सोडता रानातच विसर्जित करायची, तिथं झाड लावायचं किंवा चौथरा बांधायचा, ही रीत या भागात आता रुजली आहे. चौथऱ्यावर ‘कै.’ लावून नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि फोटो. नदीच्या पाण्याच्या दृष्टीनं ही रीत चांगलीच आहे. पण त्या दगडावर काय असावं, याचा विचार आपण केलेला नाही. ज्यांनी तो केला त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं.

दगडावर फोटो टिकवायची युक्ती निघाली १८५४ साली. बुलो आणि कातँ या दोघा फ्रेंच छायाचित्रकारांनी चिनीमातीवर किंवा मिन्यावर छायाचित्र उमटवून ते भट्टीत पक्कं भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. उन्हापावसाला दाद न देणारे हे लंबगोल फोटो आधी युरोपातल्या दफनभूमींत पोहोचले, मग स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क आणि शिकागोच्या ज्यू दफनभूमींत असे चेहरे मोठ्या संख्येनं दिसू लागले. गाव, भाषा, नातीगोती मागे टाकून आलेली ती माणसं होती. परक्या मुलखात आपला माणूस निदान दगडावर तरी ओळखू यावा, असं त्यांना वाटलं.

धर्मनिष्ठ राब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, हे पटलं नाही. दहा आज्ञांमधली मूर्तीची मनाई हे त्यामागचं एक कारण. फोटो सपाट असतो, त्याला मूर्ती म्हणता येत नाही, हेही त्यांच्यातल्या काहींनी मान्य केलं. कबरीपाशी प्रार्थना म्हणताना समोर माणसाचा चेहरा नको, हा दुसरा आक्षेप. तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यू परंपरेत रब्बान गमलिएलची गोष्ट सांगतात. एके काळी अंत्यविधीचा थाट इतका वाढला की मृत्यूपेक्षा खर्चाचंच दुःख जड होऊ लागलं आणि नातलग प्रेत टाकून पळू लागले. तेव्हा गमलिएलनं स्वतःला साध्या तागाच्या कापडात पुरायला लावलं. तो मानाचा माणूस असल्यानं बाकीच्यांनाही साधेपणाची लाज उरली नाही. सगळ्यांना सारखं कापड, म्हणून सगळ्यांना सारखा दगड. तिथं चेहरा आला की थाट मागून येतो, ही ती भीती.

तरीही लोकांनी मधल्या वाटा काढल्या. अमेरिकेतल्या काही कबरींवरच्या फोटोला धातूचं छोटं झाकण असतं. झाकणामुळे चित्र उन्हापासून वाचतं, आणि ज्याला भेटायचं आहे त्यालाच चेहरा दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं नाव. ॲमस्टरडॅमजवळ आउडरकेर्क इथं पोर्तुगीज ज्यूंची सतराव्या शतकापासूनची दफनभूमी आहे. तिथल्या काही शिळांवर माणसं कोरली आहेत, पण ती मृताची तसबीर नव्हे. मृताचं नाव ज्या प्राचीन पुरुषावरून ठेवलेलं, अब्राहाम किंवा दावीद, त्याच्या कथेतला प्रसंग तिथं असतो. याउलट समरकंदच्या बुखारी ज्यूंनी काळ्या दगडावर हुबेहूब, मोठाले चेहरे कोरून घेतले. एकाच धर्मात इतकी उत्तरं निघाली, कारण प्रश्न धर्माइतकाच आठवणीचाही होता.

आपल्या मराठी ज्यूंकडे, बेने इस्रायलांकडे, याचं आणखी एक रूप दिसतं. रायगडच्या, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेली, घाण्यावर तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून ‘शनवार तेली’ म्हटली गेलेली ही माणसं. त्यांच्या घरोघरी भिंतीवर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं चित्र असतं, अग्निरथातून आकाशात चाललेलं. त्याच्या नावानं मलिद्याचं ताट होतं. म्हणजे घरात चित्राचं वावडं नाही. कबरींवर मात्र भर अक्षरांचा, एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यूंपैकी दानशूर व्यापारी डेव्हिड ससून १८६४ साली वारले. पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्यांची कबर आहे, आणि त्यांचा उभा पुतळा आहे मुंबईत, त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात. चेहरा वाचनालयात आणि देह प्रार्थनास्थळापाशी, अशी ही वाटणी मला अर्थपूर्ण वाटते. जिथं त्यांच्या देणगीचं काम चालतं तिथं त्यांना बघायचं. जिथं ते विसावले तिथं नुसतं नाव घ्यायचं.

आता आपल्या मुलखाकडे येतो. चेहऱ्याचा प्रश्न आपल्या दगडांनी फार आधी आपल्या पद्धतीनं सोडवला होता. वाई तालुक्यात चंदन-वंदन किल्ल्यांच्या परिसरात किकली हे गाव आहे. तिथं भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ ओळीनं उभे आहेत. एकेक शिळा खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. काही वीरगळांवर शेजारी गाईही असतात, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. त्यावरच्या चौकटीत तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसला आहे. सर्वांत वर कलश आणि चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ही कीर्ती राहो म्हणून. पावसानं आणि शेंदरानं नाकडोळे झिजले आहेत. पण दगड नवा होता तेव्हाही तो चेहरा त्या विशिष्ट माणसाचा नव्हता. पाथरवटानं सगळ्या वीरांना एकच तोंडवळा दिला. माणूस दिसायला कसा होता हे त्याला महत्त्वाचं नव्हतं. तो कशासाठी मेला आणि मेल्यावर कुठं गेला हे होतं.

देव्हाऱ्यातले टाक हेही त्याच विचाराचे. पूर्वजाचा टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोडेस्वार किंवा जोडपं. तो झिजला की सोनाराकडून उजळून घ्यायचा. पणजोबा कोण आणि खापरपणजोबा कोण, हे त्यात उरत नाही. उरतं ते घराणं. श्राद्धातही बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांचीच नावं घेतात. त्यापुढचे सगळे पितरांत मिसळतात. माणसाला नावानं ओळखणारं कुणी उरत नाही, तेव्हा त्याला समूहात सामावून घ्यायचं, अशी ही शहाणी व्यवस्था.

पण या व्यवस्थेत एक मोठा अन्याय होता, आणि तो झाकून या दगडांचं कौतुक करता येणार नाही. वीरगळांच्या जवळपास बहुधा सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकलेला, चुडा भरलेला एक हात. कित्येकदा बाईची खूण म्हणून तेवढंच. तिनं काय केलं, तर ती नवऱ्यामागे जळाली. जी बाई अशी मेली नाही तिला हातही मिळाला नाही. सगळा जन्म शेण, पाणी, चूल आणि शेतात घालवलेल्या लाखो बायका कुठल्याच दगडावर नाहीत. आणि पुरुषांतही ज्यांना वीरमरण आलं, ज्यांच्या मागे शिळा उभारायची ऐपत होती, त्यांनाच वीरगळ. बाकीचे शेतकरी, बलुतेदार, धनगर मातीत गेले.

विसाव्या शतकातला दगडही फार उदार नव्हता. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पिढ्यानपिढ्या जवान सैन्यात गेले, म्हणून गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण मरण पावले. त्या युद्धानंतर इंग्रज सरकारनं गावोगावी लावलेल्या शिळांचा मजकूर ठरीव असे : या गावातून इतके लढायला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावं नाहीत, चेहरे तर नाहीतच. साम्राज्याच्या हिशेबात त्यांची मोजदाद झाली, ओळख झाली नाही.

हे सगळं ध्यानात ठेवून उसाच्या बांधावरच्या ग्रॅनाइटकडे पाहिलं पाहिजे. फोटोत एक म्हातारी असते. कपाळभर कुंकू, डोक्यावरून पदर, नजर थोडी बावरलेली. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा एकटीचा असा पहिला फोटो निघाला तो मतदार ओळखपत्रासाठी. निवडणूक आयोगानं १९९३ साली फोटोच्या ओळखपत्राचा आदेश काढला आणि शाळेच्या व्हरांड्यात कापड टांगून फोटो निघाले. तोच फोटो स्टुडिओत मोठा करतात, मागचं कापड पुसून निळं आभाळ घालतात, आजोबांचा असेल तर संगणकावर फेटा चढवतात. कधी लग्नातल्या गर्दीतून चेहरा कापून घेतात, तेव्हा शेजारणीच्या खांद्याचा तुकडा कडेला तसाच राहतो. मग यंत्र दगडावर ठिपक्याठिपक्यानं तो चेहरा उमटवतं. जिथं आधी हातापुरती जागा होती तिथं बाईला चेहरा मिळाला, नाव मिळालं, जन्माचं साल मिळालं. ती सती गेली नाही, लढाईत पडली नाही. ती नुसती जगली, आणि तेवढ्यावर तिला दगड मिळाला. या भागाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही.

म्हणून राब्बींचा समतेचा आक्षेप मला मोलाचा वाटूनही त्यातून निघणारा निष्कर्ष इथं लागू पडत नाही असं वाटतं. सगळ्यांना सारखं करण्याची एक वाट चेहरा काढून टाकण्याची आहे, आणि दुसरी प्रत्येकाला चेहरा देण्याची. ज्या समाजात अक्षरं आणि नावं सगळ्यांना आधीपासून मिळत होती, तिथं पहिली वाट न्यायाची. जिथं बहुसंख्यांना नावही मिळालं नाही, तिथं फोटो हाच न्याय.

मात्र त्यांची थाटाची भीती खरी आहे. वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवर मृताच्या फोटोभोवती शोकाकुल मंडळींच्या फोटोंच्या रांगा लागतात, तेव्हा स्मरण कुणाचं हा प्रश्न पडतो. समाधीची उंची भावकीत चढाओढीची बाब होते. कर्ज काढून चौथरा बांधणाऱ्या घराला गमलिएलची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

आणि फोटोची स्वतःची एक मर्यादा आहे. तो ओळखणाऱ्यापुरताच बोलतो. नातवाला आजी दिसते, पणतूला एक म्हातारी दिसते, त्याच्या मुलाला कुणीच दिसत नाही. श्राद्धाच्या तीन पिढ्या इथंही संपतातच. त्यानंतर ग्रॅनाइटवरचा हुबेहूब चेहरा किकलीच्या झिजलेल्या चेहऱ्याइतकाच अनोळखी होणार. उलट किकलीचा वीर गाईंसाठी लढला हे आजही परक्याला कळतं. आमच्या दगडावर चेहरा आहे आणि करणी नाही; त्यांच्या दगडावर करणी होती आणि माणूस नव्हता. दोन्ही दगड निम्मेच बोलतात.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा चेहरा किती जणांच्या डोळ्यांपुढे येईल? पण पतीनं काढलेल्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचं सोनं दिलं, हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्याला सांगावं लागत नाही. ती करणी पिढ्या ओलांडून आली, कारण कुणीतरी ती सांगितली आणि लिहून ठेवली. प्रत्येक घरात एवढी मोठी गोष्ट नसेल, पण गोष्ट असतेच. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून तिनं चार पोरं जगवली. माण-खटावहून ऊसतोडीला येऊन त्यानं इथं दोन एकर घेतले आणि पहिली विहीर खणली. गावातल्या अर्ध्या बाळंतपणांना तिचा हात लागला. फार तर दहा-बारा शब्दांचा मजकूर आहे हा. फोटोच्या खाली सहज मावतो, आणि ग्रॅनाइटच्या खर्चापुढे त्याचा खर्च काहीच नाही. शिवाय बाईच्या दगडावर फक्त सासरचं नाव नको. तिच्या माहेरचं गाव आणि आईचं नावही हवं, कारण तेही तिचंच आयुष्य आहे.

फोटो ठेवावा, त्याची लाज बाळगू नये. पण त्याच्याखाली ते वाक्य कोरलं पाहिजे, आणि ते वाक्य बाजारात तयार मिळत नाही. आजी काय करायची हे सांगणारी तिची धाकटी जाऊ, पाठची बहीण, जुनी शेजारीण आज घरात किंवा गावात आहे. तिच्यापाशी बसून ते याच दिवाळीत लिहून घ्यावं. फोटो पुढे कधीही, कुठल्यातरी जुन्या पेटीत सापडेल. सांगणारी माणसं सापडणार नाहीत.