कठीण होत जाणारे मन आणि ईश्वरी न्याय

बायबलमधील निर्गम हे पुस्तक वाचणारा प्रत्येक जिज्ञासू एका ठिकाणी अडखळतो. इजिप्तचा राजा फारो इस्राएली लोकांना गुलामगिरीतून सोडायला तयार नाही. देव मोशेला त्याच्याकडे पाठवतो, पण पाठवतानाच सांगतो की मी फारोचे मन कठीण करीन, तो ऐकणार नाही. पुढे फारो खरोखरच ऐकत नाही आणि त्याच्या देशावर एकामागून एक दहा पीडा येतात. मग प्रश्न पडतो, मन देवानेच कठीण केले असेल तर दोष फारोचा कसा? आणि दोष त्याचा नसेल तर ही शिक्षा न्याय्य कशी?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती किंवा यहुदी धर्मपंडितांचा नाही. ‘माझा स्वभावच असा आहे, मी काय करणार?’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही तोच प्रश्न विचारत असतो. म्हणून ही कथा सावकाश, क्रमाने पाहू या.

मन कोणी कठीण केले?

नदीचे पाणी रक्तासारखे झाले, तेव्हा फारो पाठ फिरवून आपल्या महालात निघून गेला. त्याने ती गोष्ट मनावरही घेतली नाही. बेडकांनी घरेदारे भरली, तेव्हा तो गयावया करू लागला, पण बेडूक मरताच त्याने पुन्हा मन कठीण केले. तिसऱ्या पीडेच्या वेळी त्याचेच जादूगार म्हणाले की यात देवाचा हात आहे. तरी तो बधला नाही. चौथ्या पीडेनंतर, गोमाश्या निघून गेल्यावर, पुन्हा तेच. पाचव्या पीडेत इजिप्तची गुरे मेली. फारोने माणसे पाठवून चौकशी केली, तेव्हा इस्राएली लोकांचे एकही जनावर मेलेले नाही असे कळले. पुरावा समोर होता, पण मन हलले नाही.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. देवाने पुढे काय होणार हे आधी सांगितलेले आहे. पण प्रत्यक्ष घटना सांगताना, पहिल्या पाच पीडांमध्ये ‘देवाने त्याचे मन कठीण केले’ असे एकदाही म्हटलेले नाही. फारोने मन कठीण केले, किंवा त्याचे मन कठीण राहिले, एवढेच येते. देवाने कठीण केले हे शब्द प्रथम सहाव्या पीडेनंतर येतात. सातव्या पीडेत, गारपीट थांबल्यावर, पुन्हा फारोनेच मन कठीण केले असे लिहिले आहे. त्यानंतर मात्र दरवेळी देवाचेच नाव येते.

या क्रमात उत्तराचा मोठा भाग दडला आहे. पहिला नकार माणूस स्वतः देतो. दुसरा थोडा सोपा होतो, पाचवा आपोआप निघतो. मग एक वेळ अशी येते की ‘हो’ म्हणण्याची शक्तीच उरत नाही. जे आपण निवडत होतो, तेच आता आपल्याला चालवू लागते. बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांनी याचा असाच अर्थ लावला. त्यांच्या मते फारोने आधी स्वतःच्या इच्छेने अन्याय केला. पश्चात्तापाची वाट बंद होणे, ही त्या अन्यायाचीच शिक्षा होती. म्हणजे ईश्वरी न्याय आकाशातून गारा होऊन पडण्याआधीच सुरू झालेला होता, राजाच्या छातीत.

जड मन आणि बळकट मन

मूळ हिब्रू भाषेत फारोच्या मनासाठी एकच शब्द नाही. एका शब्दाचा अर्थ ‘जड’ असा आहे. मराठीत मन जड झाले म्हणजे आपल्याला दुःख झाले असे समजतो. येथे मात्र जड म्हणजे न हलणारे, बोथट. प्राचीन इजिप्तमध्ये अशी श्रद्धा होती की मृत्यूनंतर माणसाचे हृदय तराजूत तोलले जाते आणि दुसऱ्या पारड्यात सत्याची देवता मआत हिचे पीस असते. ही श्रद्धा मनात ठेवून वाचले, तर ‘फारोचे मन जड झाले’ हे वाक्य किती गंभीर आहे ते कळते. त्याच्याच देशाच्या मापाने तो कमी पडत होता.

दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘बळकट’ असा आहे. यहोशवाला धैर्य धरायला सांगताना बायबल हाच शब्द वापरते. जी शक्ती सत्यासाठी वापरली तर धैर्य ठरते, तीच अहंकाराच्या हाती गेली की हट्ट होते. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्याच अलेक्झांड्रिया शहरात शिकवणारे ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन यांनी याला एक सोपा दाखला दिला. सूर्य एकच, पण त्याच्या उन्हाने मेण वितळते आणि चिखल घट्ट होतो. फरक उन्हात नाही, पदार्थात आहे.

सवलत मिळताच विसर

फारोचे मन नेमके केव्हा कठीण होते, तेही पाहा. संकटात तो नरम असतो. गारपिटीच्या वेळी तर तो आपण चुकलो आणि देव न्यायी आहे अशी कबुलीही देतो. मन फिरते ते संकट टळल्यावर. म्हणजे त्याला दुःखाने कठोर केले नाही, सुटकेने केले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच इशारा आहे. देवाची दया माणसाला पश्चात्तापाकडे नेण्यासाठी असते, तिला ‘काही होत नाही’ असे समजू नये.

बेडकांच्या पीडेत मोशे त्याला विचारतो, मी प्रार्थना केव्हा करू? फारो उत्तर देतो, उद्या. घरात, अंथरुणात, पिठाच्या परातीत बेडूक असतानाही हा माणूस उद्याची वेळ देतो! शिवाय तो सौदाही करत राहतो. यज्ञ करा, पण याच देशात. जा, पण फार दूर नको. पुरुषांनी जावे, मुलाबाळांनी नाही. सगळे जा, पण गुरे ठेवून जा. पूर्ण शरणागती टाळण्यासाठी मन किती तडजोडी शोधते, याचे हे चित्र आहे.

एकाच्या हट्टाची किंमत

या कथेत एक वेदना आहे आणि ती लपवू नये. दहाव्या पीडेत राजाच्या ज्येष्ठ पुत्राबरोबर जात्यावर दळणाऱ्या दासीचाही ज्येष्ठ पुत्र मरतो. त्या दासीने कोणाला गुलाम केले होते? पीडांच्या क्रमावरून राजाचा दोष समजतो, तिचे दुःख समजत नाही. पौलही देवाच्या न्यायाचा विचार करता करता शेवटी त्याच्या अगाधतेपुढे नम्र होतो. पण एवढे नक्की दिसते की सत्तेवर बसलेल्याचा हट्ट त्याच्यापुरता राहत नाही. देशाचा नाश झाला हे आपल्याला अजून कळत नाही काय, असे दरबाऱ्यांनीच फारोला विचारले होते. घरातला कर्ता, संस्थेचा प्रमुख, शिक्षक, ज्याच्या हाती दुसऱ्यांचे जीवन आहे, त्याने स्वतःचे मन अधिक वेळा तपासले पाहिजे.

दुसरा राजा

बायबलमध्येच फारोच्या उलट असणारा एक राजा आहे. योना निनवे नगरात जाऊन सांगतो की चाळीस दिवसांनी या नगराचा नाश होईल. तेथील राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसतो, राखेत बसतो आणि प्रजेला वाईट मार्ग सोडायला सांगतो. सांगितलेला नाश टळतो. न्यायाची घोषणा ही दार बंद झाल्याची खबर नव्हती, दार अजून उघडे असल्याची होती. गंमत अशी की या क्षमेने रुसून बसतो तो योना. परक्या नगराचे मन वितळले, पण देवाच्या संदेष्ट्याचे मन अडून राहिले. येशूनेही आपल्या शिष्यांना, तुमची मने कठीण झाली आहेत काय, असे विचारले होते. म्हणून धर्मकार्यात असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असे समजू नका.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात देव दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे वचन देतो. मांसाच्या हृदयाला दुखते, हे त्याचे जिवंतपण आहे. तेव्हा आज रात्री झोपण्यापूर्वी काही क्षण शांत बसा. कोणाची क्षमा मागायची राहिली आहे, कोणते सत्य माहीत असूनही मनावर घेतलेले नाही, कोणत्या गोष्टीला आपण ‘उद्या’ म्हणत आलो आहोत, ते पाहा. त्यातली एक गोष्ट निवडा आणि सकाळ होण्याची वाट न पाहता तिची सुरुवात करा.