अडविलेली वाट

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आरंभीचे स्थान ठरविण्यासाठी चालक आदल्या दिवशी वेगवान फेऱ्या मारून आपली वेळ नोंदवितात. त्या वेळी संथ चाललेल्याने मागच्याची वाट विनाकारण अडविली, तर त्याला बहुधा ३ स्थाने मागे जावे लागते. 'माझा हेतू नव्हता' एवढ्याने दंड चुकत नाही. कोणी म्हणेल, हा न्याय कठोर आहे. पण तसे आहे काय?

२००६ साली मोनाको येथे अखेरच्या क्षणी मायकेल शूमाकरची मोटार रास्कास वळणावर थांबली आणि मागून येणाऱ्या फर्नांदो अलोन्सोची फेरी वाया गेली. आपली चूक झाली, असे शूमाकर म्हणाला. पंचांनी यंत्रांच्या नोंदी तपासल्या. ब्रेक इतक्या जोराने दाबण्यास कारण दिसेना. कृती हेतुपुरस्सर ठरली आणि शूमाकर सर्वांच्या मागे गेला.

तात्पर्य, हेतू दंडाचे माप वाढवितो. हेतूच्या अभावी दोष मात्र नाहीसा होत नाही. मागच्याचे भान न ठेवणे हाही अपराधच होय. कारण दंडाने अडविणाऱ्याचे स्थान जाते. ज्याची फेरी गेली, त्याला ती परत मिळत नाही. म्हणून खरा धर्म पंचांच्या निर्णयात नव्हे, वेळीच आरशात पाहण्यात आहे.