सीमेपलीकडची सून

लोधीखेडा हे आजच्या पांढुर्णा जिल्ह्यातले गाव. राज्य मध्य प्रदेश. पण बोली मराठी आणि सोयरीक सावनेर-नागपूरकडची. नागपूर व छिंदवाडा पूर्वी एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, लोधीखेडा मध्य प्रदेशातच राहिले. नकाशावर सीमा आली, पण लग्ने पूर्वीसारखीच जुळत राहिली.

घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. महार जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, तशी मध्य प्रदेशाच्याही. तरी सावनेरच्या महार घरातली मुलगी लोधीखेड्यास त्याच जातीच्या घरी नांदायला आली, तर तिचा दाखला वडिलांच्या राज्याचाच राहतो. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी तो चालतो. मध्य प्रदेश शासनाच्या राखीव जागेसाठी चालत नाही. आणि शिक्षिकेची किंवा परिचारिकेची, घराजवळची नोकरी बहुधा राज्याचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे तत्त्व मांडले. २०१८ साली लग्न होऊन परराज्यात आलेल्या स्त्रीलाही तेच लागू केले.

या निर्णयामागचा विचार पोकळ नाही. एकाच जातीची स्थिती प्रांतोप्रांती निराळी असते, आणि बाहेरून आलेल्यांनी तेथल्या दलितांचा वाटा घेऊ नये, हे खरेच आहे. पण सून गाव सोडते ती रीत म्हणून. जावई सहसा सासरी राहायला जात नाही. नियमात ‘स्त्री’ हा शब्द कोठेही नाही. तरी ओझे पडते ते स्त्रीवर, आणि त्यातही जिला पगाराची सर्वांत अधिक गरज आहे तिच्यावर.

शासनदरबारी जातीची वही वेगळी, स्त्रियांची वेगळी, गरिबांची वेगळी. प्रत्येक वही आपल्यापुरती बिनचूक असेल. पण कोणी मनुष्य तीन वह्यांत विभागून जगत नाही. जिच्या ठायी तिन्ही गाऱ्हाणी एकवटली आहेत, ती प्रत्येक वहीतून निसटते.

आपल्या मंडळीलाही हा विचार करणे भाग आहे. १९५० च्या आदेशात १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. त्याबद्दल आपण निवेदने देतो, ते योग्यच. परंतु आपल्यावरचा अन्याय तेवढाच मोजणे म्हणजे आणखी एक वेगळी वही उघडणे नव्हे काय?

गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना वतनाचा हक्क मिळाला. पुढे छत्तिसाव्या अध्यायात वडीलधाऱ्यांना चिंता पडली: मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर वतनही जाईल. तेव्हा त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरले. वतन राखले गेले. निवड कमी झाली ती मुलींची. सीमा राखण्याचा भार स्त्रीवर टाकण्याची सवय इतकी जुनी आहे.

जी जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे, तिच्या सुनेला सासरच्या राज्यात मान्यता देणे संसदेला अशक्य नाही. इकडच्या मुलीही पलीकडे नांदायला जातातच. त्यामुळे भार एकाच बाजूवर पडणार नाही. कोणताही कायदा तपासताना त्याचा लाभ सर्वांत शेवटी कोणापर्यंत पोहोचतो, हे आपण आधी विचारावे. लोधीखेड्याची सून हे उत्तर आज देऊ शकते. तिला विचारणारा मात्र हवा.