घसारा आणि गाळ

भाड्याचं घर सोडताना ते कुणी झाडायचं, हा प्रश्न वरवर पाहता केरसुणीचा वाटतो. पण जरा खोलात शिरलं की तो धर्मशास्त्राचा निघतो. माणूस घराबाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणजे मालकीणबाई मोकळ्या झाल्या. भाडेकरूने निघण्यापूर्वी काढावा, तर केरसुणी म्हणजे लक्ष्मी, ती आधीच टेम्पोत जाऊन बसलेली. राहिला केर. तो दोघांच्या मध्ये.

कायद्याला विचारावं, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा घेतली तशी परत करावी. वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती तेवढी वगळून. या वाजवी झिजेला आम्ही कॉमर्सवाले घसारा म्हणतो. बँकेतल्या खुर्चीवर दरसाल घसारा काढतात. खुर्ची झिजली म्हणून बसणाऱ्याच्या पगारातून कुणी कापत नाही. पण घरमालकाच्या मते भिंत मुळी झिजतच नाही, भाडेकरू ती झिजवतो! साताऱ्यात माझ्या ओळखीच्या एका जोडप्याच्या डिपॉझिटमधून डोकं टेकल्याचा तेलकट डाग, देवाच्या तसबिरीचे चार खिळे आणि पावसाळ्यातली बुरशी, एवढ्याचे पैसे कापले गेले. डाग आणि खिळे एकवेळ त्यांचे. पण साताऱ्याच्या पावसाने करारावर सही कधी केली होती?

खरी परीक्षा झाली ती सांगलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरलं आणि मागे घराघरांत गाळ राहिला. आता हा गाळ कुणाचा? भाडेकरू म्हणणार, मी आणला नाही. मालक म्हणणार, मी तरी कुठे मागवला? काटेकोर हिशेब मांडला तर कृष्णा निघते महाबळेश्वराहून, कोयना तिला मिळते कराडात. तेव्हा बिल सरळ सातारकरांच्या नावे फाडायला हवं! पण हा हिशेब मांडायला त्या वेळी सवड कुणाला होती? गाळ ओला आहे तोवरच ओढता येतो, वाळला की दगड. ज्याच्या हाती खोरं आलं, त्याने ओढलं.

म्हणजे गंमत बघा, मूठभर केराला मालक शोधावा लागतो, गुडघाभर गाळाला लागत नाही. मग मूठभराच्या वेळी आपण एवढे वकील का होतो? मला वाटतं, आपण झाडतो ते मालकासाठी, असं धरून चालतो म्हणून. डिपॉझिट मालकाचं आणि आपलं. पण घर पुढच्याचं. उद्या कुणी अनोळखी बाई त्याच ओट्यावर दूध उतू घालणार आहे. तिला आपला फोडणीचा चिकटा कशाला?

दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा असतात, त्या मात्र भाडेकरूने पुसू नयेत आणि मालकाने त्यांचे पैसे कापू नयेत. रंगारी येईल तेव्हा जातीलच. तोवर त्या घरात दरसाल वाढत गेलेली तेवढीच एक नोंद आहे. बाकी सगळा घसारा.