शरणागताचे रक्षण आणि आपला व्यवहार



अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया होय. पाणी गाळून घ्यावे, पायाखाली मुंगी येऊ देऊ नये, मद्यमांसाचा स्पर्श टाळावा, हे वासनिकांच्या घरी बालपणापासून पाळले जाते. परंतु घराचा उंबरठा ओलांडून आपण दुकानात, अडतीवर वा कचेरीत जाऊन बसतो, तेव्हा ही अहिंसा आपल्यासवे येते काय, याचा विचार क्वचितच होतो. धर्म स्मरण-वंदनापुरता आणि व्यवहार पोटापुरता, अशी वाटणी अनेकांनी मनोमन करून टाकली आहे. ही वाटणी शास्त्रसंमत नव्हे.

लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा सर्वांस परिचित आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी वृक्षातळी आसनस्थ असता, कुत्री पाठीस लागलेला एक ससा धावत आला आणि स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागून पारधी आले व ससा मागू लागले. तो पैजेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पैज हा एक प्रकारचा करारच. त्यांच्या मते ससा त्यांच्या हक्काचा होता. स्वामींनी मात्र, हा जीव येथे शरण आला आहे, एवढेच त्यांच्या ध्यानी आणून दिले आणि ससा वाचविला. त्या भयभीत प्राण्याला स्वामींचे स्वरूप ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने विश्वास टाकला, इतकेच. आणि तेवढे पुरे झाले.

आता या लीळेचा अर्थ आपल्या व्यवहारास लावून पाहू. मृगाच्या तोंडावर बियाणे घेण्यास आलेला शेतकरी पिशवीतील बीज पारखू शकत नाही. दुकानदाराच्या शब्दावर तो पैसे मोजतो. बीज उगवले नाही, तर पैसे कदाचित परत मिळतील, परंतु गेलेला हंगाम परत मिळत नाही. कापसाची गाडी घेऊन आलेल्या कास्तकारास ओलाव्याच्या नावाखाली किती कटती न्याय्य, हे कळत नाही. मिठाईच्या भावात खोकेही तोलले जाते, हे घाईतल्या गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. ही सर्व माणसे त्या क्षणी आपल्या मांडीखाली आलेली आहेत. त्यांच्या अज्ञानाचा लाभ घेणे म्हणजे शरण आलेला ससा पारध्याच्या हाती देणे होय. किंबहुना येथे पारधीही आपणच असतो.

घरातही हेच घडते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून कन्येस वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राइतका हक्क दिला. तरीही भाऊबीजेस आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती न वाचताच सही करते. तिने समजून-उमजून हक्क सोडला, तर ते तिचे औदार्य. न सांगता सोडवून घेतला, तर ती हिंसाच. रक्त न सांडल्याने हिंसेचे स्वरूप पालटत नाही.

म्हणून एक साधा नियम धरावा. कोणताही सौदा करताना स्वतःस विचारावे: मला जे ठाऊक आहे, ते समोरच्यासही ठाऊक असते, तर त्याने हाच सौदा याच भावाने केला असता काय? उत्तर नकारार्थी असेल, तर जे लपविले ते सांगावे, अथवा तो सौदा सोडावा. वजनमापासाठी २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम आहे, निरीक्षकही आहेत. परंतु मनातील काट्याची तपासणी कोणताही निरीक्षक करू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाजारात सर्वच असे करतात. एकट्याने सचोटी धरल्यास दुकान बंद पडेल. सचोटीने नफा वाढतोच, असे आश्वासन शास्त्र देत नाही. ससा सोडल्यावर पारध्यांचीही पैज बुडालीच. मात्र जीवाने केलेले कर्म जीवासच भोगावे लागते. त्या भोगात बाजार वाटेकरी होत नाही.

कित्येकांची अशी समजूत असते की, मिळकतीतील काही भाग आश्रमास अर्पण केला म्हणजे उरलेली शुद्ध झाली. हा भ्रम होय. भिक्षेस आलेल्या साधूस झोळीतील भाकर कोणत्या तराजूतून आली, हे ठाऊक नसते. तोही दात्यावर विश्वास टाकूनच झोळी पुढे करतो. ज्याचे त्याला परत देणे हे पहिले कर्तव्य, दान त्यानंतरचे.

हाच नियम आम्हा भिक्षुवर्गासही लागू आहे. वासनिक आपल्या कष्टाचा पैसा आश्रमाच्या हाती देतो, तेव्हा पावती मागण्यास त्याला संकोच वाटतो. म्हणूनच न मागता पावती देणे आणि हिशेब सर्वांसमोर मांडणे, हेही शरणागताचे रक्षणच होय.

उद्या दुकानाची फळी उघडताना, कचेरीत मेजामागे बसताना, प्रथम स्वामींच्या मांडीखालील त्या सशाचे स्मरण करावे आणि मगच समोर आलेल्या माणसाशी बोलावे. परमेश्वर आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो.

दंडवत प्रणाम.