देवदूत की लेकरू?

डाउन सिन्ड्रोम असलेले बाळ घरी आले की भेटीला येणारे आप्तेष्ट आईवडिलांना हमखास सांगतात, ‘देवाने तुमच्याकडे देवदूत धाडला आहे.’ शब्दांत माया असते, ह्यात शंका नाही. परंतु देवदूतावर कधी रागावता येते काय? त्याच्या हट्टाला वळण लावता येते काय? ह्या प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय अशा मातापित्यांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हे ठरवता येणार नाही.

१९५३ साली डेल इव्हान्स रॉजर्स ह्या अमेरिकन अभिनेत्रीने ‘एंजल अनअवेअर’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. तिची कन्या रॉबिन दुसऱ्या वाढदिवसाच्या तोंडावर निवर्तली. पुस्तकात ती चिमुरडी स्वर्गातून देवाशी बोलते. अशी मुले संस्थेत ठेवून विसरून जावीत, असा सल्ला त्या काळी सर्रास मिळे. तेव्हा एका नामवंत मातेने आपले लेकरू जगापुढे आणले, हे धैर्य थोर होय. शोकाकुल घराने ते अवश्य वाचावे. तरीपण त्यातले लेकरू इतरांना धडा देण्यासाठी येते आणि धडा देऊन निघून जाते. माणूस स्वतःसाठीच देवाला हवा असतो, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. मग एखाद्याचे अवघे जीवन दुसऱ्याच्या सहनशीलतेची शाळा कसे ठरेल? शिवाय आज अशी कितीतरी माणसे पन्नाशी ओलांडतात. केस पिकलेल्या माणसाला देवदूत म्हणणे थोडे विचित्रच!

संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते देवदूतांना शरीर नसते. ह्या लेकरांना ते असते आणि ते काळजी मागते. सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष आढळतो; थायरॉइड, कान, डोळे वेळोवेळी तपासावे लागतात. म्हणून पहिले वाचन डॉक्टरांनी सोप्या भाषेत लिहिलेल्या माहितीपुस्तिकेचे असावे. २१व्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे ह्या स्थितीचे कारण आहे, हे जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पें ह्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. गरोदरपणी सुनेने काय खाल्ले, कोणाचा तळतळाट भोवला, ही कुजबुज त्या एका वाक्याने थांबावी. (थांबत नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणून सासूबाईंनीही पुस्तिका वाचावी.)

एमिली पर्ल किंग्स्ली ह्यांचा १९८७ सालचा ‘वेलकम टू हॉलंड’ हा लेख जेमतेम एका पानाचा आहे. बेत इटलीचा असावा आणि विमान हॉलंडला उतरावे, अशी त्यातली कल्पना. पहिल्या महिन्यांत त्याने धीर येतो. पण तेथे प्रवासी आहे ती आई. मूल म्हणजे केवळ तो देश. त्यांचा मुलगा जेसन १९७४ साली जन्मला, तेव्हा त्याला संस्थेत टाका, असाच सल्ला त्यांनाही मिळाला होता. १९९४ साली त्याच जेसनचे आणि त्याचा मित्र मिचेल लेविट्झ ह्याचे ‘काउंट अस इन’ हे पुस्तक आले. शाळा, नोकरी, लग्न, स्वतंत्र राहणे आणि स्वतःची डाउन सिन्ड्रोमची स्थिती ह्यांविषयी दोघे तरुण त्यात मोकळेपणी बोलतात. येथे देश स्वतःच बोलू लागतो. माझ्या मते, एकच पुस्तक घ्यायचे तर हे घ्यावे.

इंग्रजीची अडचण असेल त्या घरी कॉलेजात जाणाऱ्या भाचीने रोज दोन पाने वाचून मराठीत सांगावीत. त्या वेळी लेकरूही तेथेच असावे. आपल्याविषयी काय बोलणे चालले आहे, ते त्याला आपल्या अंदाजापेक्षा अधिक कळते. त्याने मध्येच काही विचारले, तर पुस्तक खुशाल मिटून ठेवावे.